अंगठ्याच्या आधी

पहाटे ५.३०

भिवंडीच्या पद्मानगरात माग रात्रभर चालतात. त्या खडखडाटात झोपायची सगळ्यांना सवय आहे. वीज गेली, आवाज बंद पडला, की मात्र घरं जागी होतात. आज वीज आहे. अक्का उठल्या आहेत त्या नळाच्या पाण्यासाठी. दोन पिंपं, एक कळशी, सहा बाटल्या. त्यानंतर नळ फुसफुसतो आणि बंद होतो.

अक्कांचे वडील तेलंगणातून इथं मागावर काम करायला आले. घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत हिंदी आणि उर्दू. अक्कांना चारही भाषा बोलता येतात. उर्दू तेवढी लिहिता येत नाही. वय पन्नाशीच्या आसपास. नाव छापू नका म्हणाल्या. “अर्ज लिहिणाऱ्याचं नाव अर्जावर कधी असतं का?”

सकाळी ८.१५

नवरा रात्रपाळी संपवून येतो. केसांत आणि भुवयांवर कापसाचा तूस. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे नाहीत. हा खाडा शब्द आज पुन्हा ऐकू येणार आहे.

चहा होतो. फळीवर, औषधांच्या डब्याखाली, एक घडी घातलेला कागद आहे. अक्कांच्या आईचा मोतीबिंदू काढायचाय, त्याचं संमतिपत्र. दवाखान्यानं सांगितलंय, घरून अंगठा करून आणा. अक्का कागद उघडतात, दोन ओळी वाचतात, परत ठेवतात. “हे रात्री. घाईत वाचायचा कागद नाही हा.”

सकाळी ९.३०

सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागून अक्कांचं टेबल. वर ताडपत्री. टेबलावर जुना घेतलेला लॅपटॉप, प्रिंटर, कागदाचं रिम, स्टेपलर, निळ्या शाईची चौकोनी पॅड. पॅडशेजारी ओलं फडकं. अंगठा उठवला की माणसाला बोट पुसायला ते पुढं करायचं. हे त्या कधी विसरत नाहीत.

मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा त्यांनी लग्नाआधी दिली, मिनिटाला ३० शब्दांची. तेव्हाचं गोदरेजचं मशीन अजून पलंगाखाली आहे. टेबलाचं भाडं विजेसकट महिन्याला दोन हजार. साध्या अर्जाला पानामागे ५० रुपये. तक्रारअर्जाला १००, कारण त्यात ऐकून घ्यायला वेळ जातो.

उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, भाडेकरार, हे रोजचं काम. दवाखान्याच्या तक्रारी त्यातल्या थोड्या. पण दवाखान्याचा कागद असेल तर अक्कांकडे जा, असं आता लोकच एकमेकांना सांगतात.

सकाळी १०.१०

पहिली बाई येते. सोबत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. बाई मागाची कांडी भरायला जाते. म्हणजे जायची. ऑपरेशनला अडीच महिने झाले, अजून उभं राहवत नाही.

“अक्का, तक्रार लिहायची.”

“बसा आधी. काय झालं ते पहिल्यापासून सांगा.”

अंगावरून जास्त जात होतं. नर्सिंग होममध्ये गेली. दुर्बिणीनं आतून बघू, असं सांगितलं. भूल दिली. शुद्धीवर आली तेव्हा पोटाला टाके होते. पिशवी काढली, असं तिला दुसऱ्या दिवशी सिस्टरकडून कळलं. बिल ४२ हजार.

अक्का अजून एकही अक्षर टाइप करत नाहीत. “ऑपरेशनच्या आधी तुम्हाला काय सांगितलं होतं? त्यांचे शब्द आठवतात तसे सांगा.”

“फक्त बघायचं आहे म्हणाले.”

“सही कोणी केली?”

“मालकांनी. मी आत होते. त्यांना बाहेर बोलावून कागद पुढं केला.”

शेजारच्या स्टुलावर बसून मी हे ऐकतो तेव्हा मला सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल आठवतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. दिल्लीतली ४४ वर्षांची बाई मे १९९५ मध्ये दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलेखाली होती. डॉक्टरांच्या सहायकानं बाहेर येऊन आईची संमती घेतली आणि आत गर्भाशय, बीजकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेला दिलेली संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी थांबणंच शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळानं शुद्धीवर येणार आहे, तर तिलाच विचारायचं. भरपाई मिळाली २५ हजार, आणि डॉक्टरांना फी घेता येणार नाही असं ठरलं.

तिथं संमती आईची होती. इथं नवऱ्याची.

सकाळी १०.४५

अक्का तक्रार लिहीत नाहीत. आधी कागद मागायचा अर्ज लिहितात.

“बाई, तुमच्याकडे डिस्चार्ज कार्ड आणि बिल आहे. बाकी सगळं त्यांच्या कपाटात. ते हातात आल्याशिवाय तक्रार म्हणजे नुसतं रडगाणं.”

अर्ज एका पानाचा. भरती झाल्याचा कागद, संमतिपत्रं, ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद, नर्सिंगचा तक्ता, सोनोग्राफी, खर्चाचा तपशील. मग अक्का थांबतात आणि एक ओळ वाढवतात. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली होती का, पाठवली असल्यास तिचा रिपोर्ट. बाईला हे माहीतच नव्हतं. शरीरातून काढलेला अवयव प्रयोगशाळेत जातो आणि त्याचा अहवाल येतो, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

खाली ओळ येते: वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ही कागदपत्रं मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यावीत. हा नियम अक्कांना पाठ आहे. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही सांगितलंय की पेशंटला त्याचे कागद द्यावेच लागतात.

“दोन प्रती. एक त्यांना. दुसरीवर त्यांचा शिक्का, सही, तारीख, वेळ घ्या. आणि तिथं भिंतीवर रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावलंय का ते बघा. असो नसो, भिंतीचा फोटो काढा.”

सनद आणि दरपत्रक लावणं राज्यातल्या खासगी रुग्णालयांना जानेवारी २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी बंधनकारक केलंय. मुलगी मोबाईलवर वेळ लिहून घेते. अर्जाचे ५०, झेरॉक्सचे ४. बाई अंगठा उठवते. अक्का फडकं पुढं करतात.

सकाळी ११.३०

काल्हेरच्या गोदामात माल चढवणारा मुलगा. चोवीस वर्षांचा. उजवा गाल धरून बसलाय. रूट कॅनाल केली, तीन खेपा, साडेतीन हजार. दुखणं थांबेना म्हणून दुसऱ्या दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी एक्स-रे काढून दाखवला.

तो खिशातून छोटी फिल्म काढतो. बोटाच्या दोन पेरांएवढी. अक्का ती ताडपत्रीबाहेरच्या उजेडात धरतात. दाढेच्या मुळात एक बारीक पांढरी रेघ आहे. मधेच संपते. दाढेची नळी साफ करायची सुई तुटून आत राहिली आहे. कागदावर लिहिलंय, दाढ क्रमांक ४६.

“त्या डॉक्टरवर केस टाका. सुई तोडली माझ्या तोंडात.”

अक्का फिल्म खाली ठेवतात. “सुई तुटते दादा. मुळं वाकडी असली की चांगल्या हातातही तुटते. तुटल्यावर त्यांनी सांगितलं का?”

“नाही.”

“कॅप बसवायच्या आधी? नंतर?”

“काहीच नाही.”

“मग ते लिहायचं.”

पावती नाही. दवाखान्यानं दिलीच नाही. पण पैसे फोनवरून गेलेत. तिन्ही वेळचे निरोप मोबाईलमध्ये आहेत, तारीख, वेळ, रक्कम सगळ्यासकट. झेरॉक्सवाला ते छापून देतो, पानाला १० रुपये. हीच पावती.

अर्ज त्या दातांच्या डॉक्टरांच्याच नावे होतो. काय झालं, मला का सांगितलं नाही, आता पुढं काय करायला हवं, पंधरा दिवसांत लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राज्य दंत परिषद. मुलगा विचारतो, भरपाईचं काय? अक्का म्हणतात, “आधी त्यांचं म्हणणं कागदावर येऊ दे. काय माहीत, सुई काढायला स्वतःहून तज्ज्ञाकडे पाठवतील. तुला दाढ हवी आहे की भांडण?”

मुलगा पहिल्यांदा गालावरचा हात काढतो. “दाढ.”

दुपारी १२.४०

दोन भाऊ. थोरला बोलतो, धाकटा उभाच. वडील गेले. ताप होता, सलाइन लावलं, रात्री श्वास लागला, सकाळी संपलं. दोन दिवसांचं बिल पाऊण लाख. “डॉक्टरवर मर्डर लावायचा. आम्ही तेव्हा हॉस्पिटल फोडणारच होतो.”

अक्का पंधरा मिनिटं काही बोलत नाहीत. भाऊ बोलून घेतो. मग त्या विचारतात, “तारीख?”

तारीख निघते. अक्का बोटाच्या पेरांवर महिने मोजतात. परत मोजतात.

“दोन वर्षं चार महिने झाले भाऊ.”

ग्राहक आयोगात तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची असते. भावांनी ती दोन वर्षं पोलीस चौकीत घालवली. चौकशी चालू आहे, एवढंच तिथं ऐकलं. डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू निकालात सांगितलं. नुसती चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. भावांना हे कोणी सांगितलं नाही. ते तारखांमागे तारखा घेत राहिले. थोरला हिशेब सांगतो: बावीस खाडे.

अक्का कोऱ्या कागदावर पेनानं चार चौकोन काढतात. ही चार दारं. पैसे परत हवेत, भरपाई हवी, तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरच्या वागण्याबद्दल, त्याच्या नोंदणीबद्दल म्हणायचं असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबई. हॉस्पिटलची नोंदणी, दरपत्रक, कागद न देणं, यासाठी महापालिकेचा आरोग्य विभाग. गुन्हा असेल तर पोलीस. एका दारातलं काम दुसऱ्या दारात होत नाही. पण एकाच वेळी दोन दारं ठोठावता येतात.

“आमचं दार बंद झालं?”

“उशीर का झाला ते सांगून माफी मागता येते. कारण पटलं तर आयोग तक्रार घेतो. पटलं तर. तुमचे पोलिसांकडचे सगळे अर्ज आणा. प्रत्येकावर पोच आहे का?”

धाकटा पहिल्यांदा बोलतो. “दोनवर आहे.”

“ते दोन आणा.”

दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. हे ऐकून थोरला मान वर करतो. वकिलानं त्यांना आधीच आठ हजार सांगितले होते. अक्का आज त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत. “काही लिहिलंच नाही अजून.”

दुपारी १.४५

डबा. भात, आमटी, लोणचं. अक्का जेवताना एकच गोष्ट सांगतात. अर्जातून त्या काय काय काढून टाकतात ती. कसाई, राक्षस, लुटारू, हे शब्द त्या लिहीत नाहीत. “माणूस बोलतो ते बरोबर आहे. त्याचं माणूस गेलंय. पण वाचणारा साहेब तो शब्द बघतो आणि पुढचं वाचत नाही. मी तिथं वेळ लिहिते. रात्री अकरा वाजता सिस्टरला सांगितलं, दोन वाजेपर्यंत डॉक्टर आले नाहीत. यात शिवी आली की सगळी.”

दुपारी २.२०

एक चाचा. ऐंशीला टेकलेले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. बायकोला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून ठाण्याला न्या म्हणाले, ठाण्याहून मुंबईला. वाटेत गेली. चाचांना पैसे नकोत. त्यांना एवढंच हवंय की १०८ ची गाडी कधी बोलावली आणि ती कधी आली.

सगळ्यांना फुकट उपचार देणारा सरकारी दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तिथंच ही रेघही मारली गेली. म्हणून चाचांचा रस्ता वेगळा. माहितीचा अधिकार.

महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. चाचांची गोष्ट ४० मिनिटांची आहे. लग्नापासून सुरू होते. अक्का सगळी ऐकतात. मग टाइप करतात, शब्द मोजतात, १७१ होतात. एक वाक्य उडवतात. १५८. “माझी दिवंगत पत्नी” यातलं काही काढवत नाही. शेवटी दवाखान्याचा पत्ता आखूड करतात. १४९.

अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तराची मुदत ३० दिवस. चाचा सही उर्दूत करतात, सावकाश, प्रत्येक नुक्ता देऊन. अक्का ५० मागतात. ते १०० देतात आणि सुट्टे घेत नाहीत.

दुपारी ३.१५

एक सिस्टर येते. गणवेशावर ओढणी. हातात पेनड्राइव्ह. अठरा खाटांच्या हॉस्पिटलमध्ये आहे, पगार बारा हजार. मॅडमनी पाठवलंय. संमतिपत्र इंग्रजीत आहे, ते मराठीत, हिंदीत आणि जमलं तर तेलुगूत करून हवंय.

अक्का फॉर्म वाचतात. सगळ्यात खाली साक्षीदाराची जागा.

“इथं कोण सही करतं?”

“मीच.”

“डॉक्टर समजावतात तेव्हा तुम्ही तिथं असता?”

सिस्टर जरा थांबते. “अक्का, रात्री आम्ही दोघी. एकीकडे लेबर रूम, एकीकडे वॉर्ड. मला सांगतात, सह्या घेऊन ये. मी फुल्या मारून देते, इथं, इथं आणि इथं. नातेवाईक घाबरलेला असतो. तो वाचत नाही. मीही वाचून दाखवत नाही. तेवढ्यात दुसरी बेल वाजते.”

ती हे लपवत नाही. आज जे जे या टेबलापाशी आले, त्यांच्या कागदावर अशीच एखादी फुली असणार. ती मारणारी बाईही थकलेलीच असणार. हे मला इथं बसल्यावर कळलं.

अक्का मराठी करतात. ‘अॅनेस्थेशिया’ला भूल. ‘हिस्टरेक्टमी’ला गर्भाशय म्हणजे पिशवी काढणं. ‘कॉम्प्लिकेशन’ला काय लिहायचं यावर दोघी अडतात. गुंतागुंत हा शब्द बरोबर आहे, पण कांडी भरणाऱ्या बाईला तो कळत नाही. शेवटी लिहितात: ऑपरेशनमध्ये किंवा नंतर होऊ शकणारे त्रास. खाली ते एकेक वेगळ्या ओळीत.

मग अक्का न सांगता तीन रिकाम्या ओळी टाकतात. वर लिहितात: मला काय समजलं ते माझ्या शब्दांत.

“हे मॅडमनी सांगितलं नाहीये.”

“दाखवा त्यांना. नको असेल तर काढते. पैसे नाही घेणार त्याचे.”

सिस्टर ओळी बघत राहते. “प्रत्येकाला लिहायला लावायचं तर वेळ कुठनं आणायचा?”

याला अक्कांकडे उत्तर नाही. त्या प्रिंट काढतात. तीन भाषा, ३०० रुपये. पक्की पावती मागितली म्हणून झेरॉक्सवाल्याच्या पुस्तकातली फाडून देतात.

दुपारी ४.३०

सकाळची कांडीवाली परत येते. चेहरा उतरलेला. दोन तास बसवून ठेवलं. मग काउंटरवरून सांगितलं, साहेब नाहीत, आम्ही शिक्का मारत नाही. अर्ज घेतला नाही.

“भिंतीचा फोटो?”

मुलगी मोबाईल पुढं करते. भिंतीवर देवाची तसबीर आहे, क्रेडिट कार्ड चालेल अशी पाटी आहे, शांतता राखा आहे. दरपत्रक नाही. सनद नाही.

“चांगलं काम केलंस,” अक्का मुलीला म्हणतात. हा एक फोटो महापालिकेच्या आरोग्य विभागाकडच्या अर्जाला जोडता येईल. मूळ अर्जावर त्या पेनानं एक ओळ वाढवतात: आज प्रत्यक्ष दिला असता स्वीकारला नाही, म्हणून टपालानं. खाली तारीख आणि वेळ. पाकीट तयार होतं. स्पीड पोस्ट, पोचपावतीसह. मुलगी पळत जाते.

बाई एकटी उरते. तेव्हा ती सकाळी न सांगितलेलं सांगते. “अक्का, मालकांवर काही येणार नाही ना? सही त्यांची आहे. ते रात्री झोपत नाहीत. म्हणतात, मी कागद वाचला असता तर.”

“कागद इंग्रजीत होता ना?”

“हो.”

“मग काय वाचणार होते ते? त्यांना विचारायला नको होतं, तुम्हाला विचारायला हवं होतं. हे त्यांना सांगा. माझं नाव घेऊन सांगा.”

आजचा बाईचा खर्च: अर्ज ५०, झेरॉक्स ४, दोघींचं शेअर रिक्षाचं जाणं-येणं ८०, टपाल, दोन चहा. मुलीची शाळा बुडाली.

संध्याकाळी ५.४०

ठाण्याहून परतलेले एक वकील प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला थांबतात. प्रिंटर शाई ओढत नाही, तोवर गप्पा. विषय दिवसभराचाच. ते गोडबोले खटल्याबद्दल सांगतात. असल्या कितीतरी खटल्यांत आजही त्याचा दाखला येतो, आणि तो आपल्या कोकणातला आहे.

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या आनंद गोडबोलेचं मांडीचं हाड मोडलं. पायाला आधी लाकडी फळ्या, मग स्प्लिंट बांधून, टॅक्सीत घालून त्याला पुण्याला नेलं. सुमारे २०० मैल, जवळपास अकरा तास. ९ मे रोजी पुण्यातल्या डॉ. लक्ष्मण जोशींच्या रुग्णालयात त्याला दाखल केलं. त्याच रात्री नऊ वाजता तो गेला. पुरेशी भूल न देता, माणसं लावून, जास्तीचा जोर देऊन हाड ओढलं आणि प्लास्टर घातलं, असं न्यायालयात ठरलं. वडील त्र्यंबक गोडबोले स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकले, उच्च न्यायालयात जिंकले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २ मे १९६८ ला. पेशंट हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरनं काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलं गेलं.

“भरपाई?” अक्का विचारतात.

“तीन हजार.”

अक्का पेरांवर मोजतात. “पंधरा वर्षं.” प्रिंटर चालू होतो. बराच वेळ कोणी बोलत नाही.

संध्याकाळी ६.५०

टेबल आवरलं. वहीत हिशेब. दवाखान्याचे अर्ज तीन, सिस्टरचं काम, दाखले पाच, भाडेकरार एक, वकिलांचं प्रतिज्ञापत्र. जमा ९७०. कागद, शाई, चहा मिळून १९०. टेबलाच्या भाड्याचे रोजचे ७० बाजूला. उरले ७१०. वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादी आहे. कोणाचे ७२ तास कधी संपतात, कोणाचे ३० दिवस, कोणाची दोन वर्षं. कांडीवालीच्या नावापुढं आजची तारीख पडते. चाचांच्याही. त्या दोन भावांपुढं काही लिहिलेलं नाही.

शाईच्या पॅडचं झाकण लावतात. फडकं सोबत घेतात, धुवायला.

रात्री ९.१५

नवरा पाळीवर गेला. आईचं जेवण झालं. अक्का फळीवरचा कागद काढतात, जमिनीवर बसतात, चष्मा लावतात. आई ऐंशीची. दोन्ही डोळ्यांना धूसर दिसतं. कान मात्र तीक्ष्ण.

अक्का एक ओळ मराठीत वाचतात, मग तेलुगूत सांगतात. डोळ्यातलं ढगाळ झालेलं भिंग काढणार, नवं बसवणार. बहुतेकांना चांगलं दिसतं. क्वचित जंतू जातात आणि नजर जाऊ शकते. आई हात वर करते. “हे परत वाच.” अक्का परत वाचतात.

आई विचारते, कुठला डोळा? फॉर्मवर ‘उजवा / डावा’ असं छापलंय. खूण कशावरच नाही. अक्का पेन्सिलनं बाजूला प्रश्नचिन्ह काढतात.

आई विचारते, भिंगाचे पैसे वेगळे? तीन प्रकार लिहिलेत, किमती नाहीत. दुसरं प्रश्नचिन्ह.

आई विचारते, ती रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवायची की थांबवायची? फॉर्मवर याबद्दल काहीच नाही. अक्कांना माहीत नाही. आणि त्या अंदाजानं सांगत नाहीत.

कागद उलटतात. मागच्या कोऱ्या बाजूला तिन्ही प्रश्न मराठीत लिहितात, १, २, ३ असे आकडे घालून. उद्या टेबल दोन तास उशिरा लागेल. आधी दवाखाना. डॉक्टरांना हे तीन विचारायचे, उत्तरं आईला तिथंच तेलुगूत सांगायची, मग अंगठा.

तुमच्याही घरात कधी असा कागद येईल, तेव्हा एवढंच करा. तो उलटा आणि मागं प्रश्न लिहा.

वाचायला चोवीस मिनिटं लागली. कागद परत औषधांच्या डब्याखाली जातो. अंगठ्याचा चौकोन अजून कोरा आहे.